सिंगापूरचे तीन आठवडे आणि तुळशीच्या कुंडीखालची ताटली

गवती चहा (धागाकर्ती), ३ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लेकीकडे सिंगापूरला तीन आठवडे राहून परवा कोल्हापुरात परत आले. तिथली प्रवासवर्णनं इथे ढिगानं पडली आहेत, त्यामुळे मरिना बे, सेंटोसा, रात्रीचं प्राणिसंग्रहालय वगैरे गाळते. सगळं पाहिलं, छान आहे, पाय दुखले. मला लिहायचंय ते लेक राहते त्या इमारतीबद्दल.

तोआ पायो म्हणून एक जुनी वसाहत आहे, साठच्या दशकात बांधायला घेतलेली. सरकारी घरं. तिथे एचडीबी म्हणतात, आपल्या म्हाडाची मोठी बहीण समजा. फरक एवढाच की तिथली दहातली आठ माणसं असल्याच घरांत राहतात, त्यामुळे 'सरकारी चाळ' म्हणून कुणी नाक मुरडत नाही. लेकीचं भाड्याचं घर सातव्या मजल्यावर. तळमजला मोकळा, नुसते खांब. तिथे म्हातारे बुद्धिबळासारखं काहीतरी खेळत बसतात, लग्नं होतात, मयताचेही विधी तिथेच होतात.

मी पोस्टात छत्तीस वर्षं काढली. काउंटरच्या मागे बसणाऱ्या माणसाला नवीन जागी गेल्यावर पहिला प्रश्न पडतो तो 'हे चालतं कसं?' हा. तर पहिल्या दिवशी भाजी निवडली आणि सवयीनं देठं एका पिशवीत, दुधाचं खोकं दुसऱ्या पिशवीत. लेक हसायला लागली. स्वयंपाकघराच्या भिंतीत एक लोखंडी झाकण आहे. ते ओढायचं, पिशवीला गाठ मारून आत सोडायची. ती दणदण आपटत सात मजले खाली जाते. ओलं, सुकं, डायपर, माशाची खवलं, सगळं एकत्र. मी म्हटलं, "अगं, आमच्याकडे घंटागाडीवाला एकत्र कचरा दिला तर तोंड वाकडं करतो, आणि जगातल्या स्वच्छ शहरात हे?" जावईबापू म्हणाले, "आई, इथे सगळं जाळतात." पुढचं माहीतगारांनी सांगावं.

आता तुळस. लेकीनं लिटल इंडियातल्या बाजारातून आणलेली, दाराबाहेरच्या व्हरांड्यात कुंडीत. कुंडीखाली ताटली. मी रोज सकाळी पाणी घालायची, ते झिरपून ताटलीत साचायचं. एका दुपारी दार वाजलं. दोन माणसं, गळ्यात ओळखपत्रं, हातात विजेरी. डेंग्यूच्या डासांची तपासणी. घरात येऊन न्हाणीघर पाहिलं, फुलदाणी पाहिली, कपडे वाळत घालायचे बांबू ज्या नळकांड्यांत खोवतात त्यांची तोंडं झाकली आहेत का तेही वाकून पाहिलं. मग ती बाई तुळशीपाशी आली. तमिळ होती बहुतेक. "तुळसी!" म्हणाली आणि हात जोडले. मला इतकं बरं वाटलं. हात जोडून झाल्यावर खाली वाकली, ताटली ओढली, विजेरी मारली, आणि एका काचेच्या बारीक नळीनं त्यातलं पाणी ओढून उजेडाला धरून पाहत बसली.

अळ्या नव्हत्या. असत्या तर दोनशे डॉलर दंड, असं तिनं अगदी गोड आवाजात सांगितलं. मग मला ताटली पालथी करून, आतली कड कशी घासायची ते दाखवलं, कारण अंडी कडेला चिकटतात आणि नुसतं पाणी ओतून देऊन जात नाहीत. साठी उलटलेल्या बाईला ताटली घासायला शिकवून गेली! पण खरं सांगते, अंडी कडेला चिकटतात हे मला माहीत नव्हतं. खाली लिफ्टपाशी आठवडाभर एक फलक लागला होता, या भागात डेंग्यूचे रुग्ण आहेत म्हणून. मी रोज त्याच्यासमोरून जात होते, आणि रोज ताटली भरत होते.

दुसरी गोष्ट हॉकर सेंटरची. एका छपराखाली पन्नास-साठ खाण्याच्या टपऱ्या, मध्ये टेबलं. टेबलावर कागदी रुमालांचं छोटं पाकीट ठेवलं की जागा राखली, आपल्या एसटीतल्या रुमालासारखं! फक्त इथे भांडण होत नाही. पहिल्या दिवशी जेवून मी ताट तसंच ठेवून उठले. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं बोट दाखवलं, तिकडे ताटं ठेवायची मांडणी. एका बाजूला हलाल, एका बाजूला बाकीची. मी ओशाळून ताट नेलं. तिथे ती ताटं खरवडून ढकलगाडीत लावणारी बाई सत्तरीच्या पुढची असेल. पाठीत वाकलेली, हातात रबरी मोजे. नातीची तिच्याशी ओळख, रोज "आंटी, आंटी" म्हणून हात हलवते. एक दिवस मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी विचारलं, या वयात का? ती म्हणाली, घरी बसून काय करू? आमच्या पोस्टातून निवृत्त झालेल्या निम्म्या बायका हेच म्हणतात. पण त्या हे म्हणून भिशीला जातात. ही खरं बोलत होती, का मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, ते काही उलगडलं नाही.

आणि शेवटचं. मला पहाटे जाग येते. तिथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे सहा म्हणजे चक्क रात्र. गॅलरीतून खाली पाहिलं तर दिव्याखाली तिघं-चौघं झाडत होते. मोठमोठे विलायती शिरीष आहेत तिथे, रात्रीच्या पावसानं पानांचा सडा पडलेला. लांब दांड्याचे खराटे, बोलणं नाही, नुसता खर्र खर्र आवाज. साडेसातला नातीला शाळेत सोडायला उतरलो तेव्हा एक पान नव्हतं आणि एक माणूस नव्हता. ज्यांनी फक्त साडेसातनंतरचं सिंगापूर पाहिलं त्यांना वाटणारच की इथे कचरा होतच नाही.

तर मंडळी, प्रश्न असा: हे तिथल्या लोकांच्या अंगात आहे, का झाडून घेतलेलं आहे? जाणकारांनी लिहा.

---

भडंग, ३ मार्च, रात्री १०:०२

मस्त लिहिलंय काकू. एसटीतला रुमाल वाचून फुटलो. तुळशीचं पुढे काय झालं? का तिलाही भिंतीतल्या झाकणातून सोडली?

---

स्पष्टवक्ता, ३ मार्च, रात्री १०:३१

यात जाणकार कशाला हवेत. दंड. विषय संपला. कचरा टाकला तर पहिल्या खेपेला दोन हजार डॉलरपर्यंत, तिसऱ्या खेपेला दहा हजारांपर्यंत. १९९४ साली एका अमेरिकन पोरानं गाड्यांवर रंग फवारला तर वेताचे फटके ठोठावले. खुद्द क्लिंटननी रदबदली केली, तेव्हा कुठे सहाचे चार झाले. आपल्याकडे नगरसेवकाचा फोन आला की चारचे शून्य होतात. आपल्या माणसाला दंडुक्याची भाषा कळते, तोच माणूस चांगी विमानतळावर उतरला की सरळ होतो. माझा मेहुणा इथे गाडीतून कणसाचं बुरकुंड फेकतो, तिथे चॉकलेटचा कागद खिशात घालून हॉटेलवर आला.

---

बेडोकवाला, ४ मार्च, सकाळी ७:१५

मी इथे चौदा वर्षं आहे, तेव्हा थोडं लांबलचक लिहितो. ऑफिसला जाताना गाडीत टंकतोय, चुका पोटात घाला. (हो, मेट्रोत. आणि हो, कॉफी बॅगेत बंद आहे, इथे गाडीत खाणंपिणं चालत नाही.)

गवती चहा, तुम्ही पहाटे सहाला जे पाहिलंत त्याला इथले लोकच नावं ठेवतात. 'आपलं शहर स्वच्छ नाही, स्वच्छ केलेलं आहे' असं इथे जाहीरपणे बोललं जातं, सरकारी माणसंही बोलतात. मधून मधून एखादा दिवस मुद्दाम झाडू बंद ठेवतात, लोकांना कळावं म्हणून. त्या दिवशी आमच्या ब्लॉकखाली येऊन बघा. सिगारेटची थोटकं, चहाच्या पिशव्या, उरलेला भात. माणसं तीच हो.

आणि वरून कचरा फेकणारेही आहेत. बाराव्या मजल्यावरून सिगारेट, कधी बाटली, एकदा आमच्याकडे कुणीतरी इस्त्री फेकली होती. त्यासाठी गेली दहा-बारा वर्षं समोरच्या इमारतीवर कॅमेरे लावून खिडक्यांवर नजर ठेवतात. अंगात असतं तर कॅमेरे कशाला लागले असते?

माझी आवडती गोष्ट लिफ्टची. ऐंशीच्या दशकात लोक या सरकारी इमारतींच्या लिफ्टमध्ये लघवी करायचे. खोटं नाही. तर त्यावर उपाय म्हणून लिफ्टच्या जमिनीत यंत्र बसवलं. ओल लागली की लिफ्ट बंद, दार बंद, घंटा सुरू. आतला इसम पोलीस येईपर्यंत आतच. माझ्या शेजारचे अंकल हे सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात. त्यांचं म्हणणं, चार-सहा जणांचे फोटो पेपरात आले आणि सगळ्या बेटाचं मूत्राशय बळकट झालं.

स्पष्टवक्ता, दंडाचं बरोबर आहे पण अर्धंच. ते च्युइंग गमचं सगळे उगाळतात म्हणून सांगतो: १९९२ मध्ये बंदी आली ती विकायला आणि आणायला. मेट्रो तेव्हा नवी होती (१९८७ ला सुरू झाली) आणि लोक दाराच्या सेन्सरला गम चिकटवायचे, गाड्या अडकायच्या. चघळताना दिसलात म्हणून कुणी धरून नेत नाही. २००४ पासून दात-हिरड्यांसाठीचं गम औषधवाल्याकडे मिळतं.

पण १९६८ साली तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी स्वच्छतेची पहिली मोठी मोहीम काढली तेव्हा नुसता दंड नव्हता. फेरीवाल्यांना रस्त्यावरून उठवलं, पण उठवून सोडलं नाही, नळ-गटार-छप्पर असलेली हॉकर सेंटरं बांधून त्यात बसवलं. पंधरा-एक वर्षं चाललं ते काम. गवती चहा जिथे जेवल्या ती जागा त्यातूनच आली. फेरीवाला खरकटं पाणी गटारात ओततो कारण त्याला दुसरी जागा नसते. जागा दिली, मग दंड लावला. हा क्रम उलटा केला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

उतरायचं स्टेशन आलं. नदीचं संध्याकाळी.

---

ताकभात, ४ मार्च, सकाळी ११:४८

'सगळ्या बेटाचं मूत्राशय बळकट झालं' हे वाक्य मी ऑफिसात मोठ्यानं वाचलं आणि आता सगळे माझ्याकडे बघतायत.

---

मुकादम निवृत्त, ४ मार्च, दुपारी २:२०

मी महापालिकेत घनकचऱ्यात होतो. कुठल्या ते राहू दे. तीस वर्षांत हजेरी कोठीवरून सुरुवात करून शेवटी आरोग्य निरीक्षक म्हणून बाहेर पडलो. नावातलं मुकादम लोकांनी ठेवलंय, मला आवडतं.

बाई, तुम्ही जे खालचं झाडणं पाहिलं ना, ते मला तुमच्या सगळ्या धाग्यात महत्त्वाचं वाटलं. आमच्याकडेही पहाटे सहाला हजेरी होते. आमच्याही बायका खराटा घेऊन निघतात. झाडून होतं हो! साडेसातला आमचाही रस्ता लख्ख असतो. पण आठला दुकान उघडतं, दुकानदार आतला कचरा फुटपाथवर लोटतो, नऊला भाजीवाला बसतो, आणि दहाला साहेब फोन करून विचारतो, "आज झाडलं नाही का?" झाडणं दोन्हीकडे आहे. साडेसातनंतर काय होतं तिथे खरी मेख आहे.

कचरा एकत्र टाकण्याबद्दल. हे ऐकून आमच्या खात्यातले लोक तिकडे दौऱ्यावर जायचे आणि परत येऊन म्हणायचे, जाळायचा प्रकल्प आणा. अहो, आपल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त ओला. पावसाळ्यात तर गाडीतून पाण्याची धार लागते. तो जाळायला घेतलात तर आधी वाळवण्यातच जाळ खर्च. म्हणून ओला-सुका घरातच वेगळा झाला पाहिजे, याला पर्याय नाही. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची संघटना १९९३ पासून आहे, त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. त्या दारोदार जाऊन कचरा घेतात आणि हातानं वेगळा करतात. त्या बाईला तुम्ही एकत्र पिशवी दिलीत तर ती तोंड वाकडं करणारच, तुमचं डायपर तिच्या हातात येतं. सिंगापुरात ते भिंतीतल्या भोकातून जातं म्हणून कुणाचं तोंड दिसत नाही, एवढंच.

बेडोकवाले, तिकडे जाळल्यावर राख कुठे जाते ते लिहा. आमचा सगळा जन्म डेपोवर गेला, त्यामुळे शेवट कुठे होतो ते विचारायची सवय आहे.

---

टोकियोकर, ४ मार्च, संध्याकाळी ५:०५

धागा सिंगापूरचा आहे पण राहवत नाही. इथे टोकियोत उलटं आहे. रस्त्यावर कचरापेटी शोधून सापडत नाही. १९९५ मध्ये भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर पेट्या काढल्या त्या बऱ्याच ठिकाणी परत आल्याच नाहीत. रिकामी बाटली दिवसभर पाठीवर घेऊन हिंडतो आणि घरी आणून टाकतो. घरी वारानुसार कचरा: जळणारा अमुक वारी, प्लास्टिक तमुक वारी, सकाळी आठच्या आत, आणि वर जाळी पांघरायची, नाहीतर कावळे पिशव्या फोडतात. मी आलो त्या महिन्यात चुकीच्या वारी पिशवी ठेवली. संध्याकाळी परत आलो तर ती तिथेच, वर चिठ्ठी चिकटवलेली. कुणी ओरडलं नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी फक्त रोजच्यापेक्षा जरा जास्त वाकून नमस्कार करायला लागल्या. त्यापेक्षा दोनशे डॉलर दंड परवडला असता हो.

मुलं शाळेत वर्ग स्वतः पुसतात, रोज. माझा मुलगा शाळेत फडकं मारतो आणि घरी मोजे सोफ्यावर टाकतो. तेव्हा 'अंगात' वगैरे फार काही मानू नका.

---

उपनगरी, ४ मार्च, संध्याकाळी ७:३३

सगळे कौतुकात बुडालेत म्हणून खडा टाकतो. मी कामानिमित्त सहा महिने तिथे होतो. रोज संध्याकाळी हमरस्त्यावर उघड्या मालट्रकच्या मागे बसून परतणारे मजूर पाहिलेत का? बांगलादेशी, तमिळ. आलिशान गाड्यांच्या रांगेत मध्येच एक ट्रक आणि मागे वीस माणसं पाय दुमडून, हातात हेल्मेट, अर्धे झोपलेले. गाडीत पट्टा लावला नाही तर दंड करणाऱ्या देशात हे कायद्यानं चालतं. २०२० मध्ये करोना आला तेव्हा तिथले बहुतेक रुग्ण याच मजुरांच्या वसतिगृहांत निघाले, एकेका खोलीत दहा-बारा जण. गवत कापणारे तेच, गटार उपसणारे तेच, इमारत बांधणारे तेच. रविवारी दुपारी लिटल इंडियातल्या सेरंगून रोडला जा, हजारोंनी हिरवळीवर बसलेले दिसतील, घरी व्हिडिओ कॉल लावून. २०१३ च्या डिसेंबरात तिथेच दंगल झाली, एक तमिळ मजूर बसखाली गेल्यावर. दंगल म्हणजे काय हे विसरलेला देश हादरला आणि त्या भागात दारूवर निर्बंध घातले.

तुमच्या मांडणीपाशी ताटं खरवडणाऱ्या आजीला हे जोडून बघा. स्वच्छता स्वस्तात होत नाही, कुणाच्या तरी पाठीवर होते.

---

स्पष्टवक्ता, ४ मार्च, रात्री ८:१०

आला का रडका सूर. तो मजूर तिथे स्वखुशीनं जातो, गावी घर बांधतो. आणि आपल्याकडे गटारात उतरून माणसं मरतात, त्याचं काय? तिथे निदान हातात मोजे आहेत.

---

उपनगरी, ४ मार्च, रात्री ८:१९

आपल्याकडे मरतात म्हणून तिथलं ट्रकमध्ये बसवणं चांगलं ठरतं का? तुमच्याकडे दोनच खाने दिसतात, ते आणि आपण.

---

स्पष्टवक्ता, ४ मार्च, रात्री ८:२४

तुमच्याकडे एकच दिसतो, तक्रार.

---

मुकादम निवृत्त, ४ मार्च, रात्री ८:४०

दोघांनीही जरा पाणी प्या. मोज्यांचं मी सांगतो. आमच्याकडे मोजे यायचे, कागदावर. यायचे तेही एका मापाचे, पुरुषी. बायका ते घालून खराटा धरू शकत नव्हत्या म्हणून काढून ठेवायच्या. मग साहेब म्हणणार, दिले तरी घालत नाहीत. बाईंनी त्या म्हातारीच्या हातातले मोजे पाहिले, ते तिच्या मापाचे होते का, हे मला विचारायचं होतं.

---

बेडोकवाला, ४ मार्च, रात्री १०:५०

उपनगरी जे म्हणतात ते खरं आहे. ट्रकचा वाद इथे संसदेतही झालाय, अजून बंदी नाही. मी नाकारणार नाही.

म्हाताऱ्या सफाई कामगारांचंही. इथे सरसकट किमान वेतन नाही. सफाईवाल्यांसाठी मात्र २०१४ पासून कंपनीच्या परवान्यालाच वेतनाच्या पायऱ्या जोडल्या, त्याच्या खाली देता येत नाही. त्याआधी ठेकेदार एकमेकांपेक्षा कमी बोली लावत लावत पगार खाली नेत. आता वाढलेत, तरी शहराच्या महागाईपुढे किरकोळच. आणि २०२१ पासून हॉकर सेंटरला ताट परत न ठेवणं दंडाचं झालं, पहिल्यांदा ताकीद, पुढे तीनशे डॉलर. तेव्हा बऱ्याच लोकांनी वाद घातला की आम्हीच ताटं उचलली तर त्या आजींची नोकरी जाईल. चांगला मुद्दा आहे का पळवाट आहे, मी अजून ठरवू शकलो नाही. आमच्या इथल्या आजी म्हणतात, "ताटं नेऊन ठेवा, मला टेबलं नीट पुसता येतात."

मुकादम, राख. बेटाचा कचरा जाळून साधारण दहावा हिस्सा उरतो, ती राख पडावात भरून दक्षिणेला सेमाकाऊ नावाच्या बेटावर नेतात. समुद्रात बांध घालून तयार केलेलं आवार आहे, १९९९ पासून. देशातला एकुलता एक डेपो. तो २०३५ च्या सुमारास भरेल म्हणतात, आणि पुढे ठेवायला जागा नाही. सगळा देश मिळून बृहन्मुंबईहून थोडासाच मोठा. म्हणून आता ओरडा चाललाय की वेगळं करा. प्रत्येक इमारतीखाली निळी पेटी आहे पुनर्वापराची. तिच्यात लोक उरलेली नूडल्स आणि जुनी चप्पल टाकतात, ४० टक्के माल वाया जातो. म्हणजे तुमच्या कागद-काच-पत्रावाल्या बायकांकडून शिकायची पाळी यांची आहे.

आता नदी. १९७७ पर्यंत सिंगापूर नदी म्हणजे काळं, बुडबुड्यांचं गटार होतं. वरच्या अंगाला डुकरं आणि बदकं पाळणारे, काठाला झोपड्या, पाण्यात शेकडो मालवाहू पडाव, फेरीवाल्यांचं खरकटं. ली क्वान यू म्हणाले, दहा वर्षांनी इथे मासे पकडता आले पाहिजेत. गाळ उपसण्यापासून सुरुवात नाही केली. आधी घाण येते कुठून ते शोधलं. सुमारे २६,००० कुटुंबं सरकारी घरांत हलवली, पशुपालन उठवलं, पडाव १९८३ ला दुसरीकडे नेले, मग गाळ काढला. १९८७ ला काम झालं. सगळे खूश झाले असं नाही, डुकरं पाळणाऱ्या म्हाताऱ्यांना सातव्या मजल्यावर काय करायचं कळेना. पण २००८ मध्ये नदीच्या मुखाशी बांध घातला आणि आज तेच पाणी शुद्ध करून नळाला येतं. तुमच्या लेकीकडच्या चहात ते होतं, गवती चहा.

---

ताकभात, ५ मार्च, सकाळी ९:२०

नळाला येतं?? आम्ही पंचगंगेच्या काठचे. दरवर्षी मासे मेले की पेपरात फोटो, मग पाहणी, मग नोटीस, मग पुढच्या वर्षीचे मासे. आमच्याकडे घाण कुठून येते हे शोधायचीही गरज नाही, नाल्यांची नावं पोरांना पाठ आहेत.

तिथे नदीत पाणमांजरं परत आली असं वाचलंय, खरं का?

---

बेडोकवाला, ५ मार्च, सकाळी ९:४१

खरं. शहराच्या मधोमध, टोळीनं. बिशानच्या बागेत कलांग नदीचा सिमेंटचा नाला फोडून २०१२ मध्ये पुन्हा माती-दगडाचा काठ केला, तिथे हमखास दिसतात. रस्ता ओलांडतात तेव्हा गाड्या थांबतात. तक्रारही आहे बरं का, लोकांच्या बंगल्यातल्या हौदांतले हजारो डॉलरचे शोभेचे मासे खाऊन जातात. त्यांना अजून कुणी दंड लावलेला नाही.

---

गवती चहा (धागाकर्ती), ५ मार्च, रात्री ९:१५

केवढं लिहिलंत सगळ्यांनी. मी दोन दिवस नुसती वाचतेय.

भडंग, तुळस शाबूत आहे. जावईबापूंनी ताटलीत वाळू भरली. पाणी घातलं की वाळू ओली होते पण साचत नाही. लेकीनं फोटो पाठवलाय, मंजिऱ्या आल्यात.

मुकादम, तुमचा प्रश्न वाचून मी लेकीला फोन केला, तिला सांगितलं बघून ये. ती आज संध्याकाळी गेली होती. मोजे मोठे आहेत. आजींनी मनगटापाशी रबर बांधलंय, जुड्या बांधतात तसलं. मी रोज समोर बसून जेवत होते, मला दिसलं नव्हतं.

उपनगरी, ट्रक मीही पाहिले. पहिल्या दिवशी विमानतळावरून येतानाच. एक जण माझ्याकडे बघून हसला होता आणि मी नातीला म्हटलं होतं, "बघ, मामा हसतोय." लिहिताना ते गाळलं. का गाळलं माहीत नाही, बहुतेक तुळशीची गोष्ट सांगायची घाई होती.

स्पष्टवक्ता, तुमच्या मेहुण्याला माझा नमस्कार.

आणि हे कालचं. परत आल्यावर जिभेला चव नव्हती म्हणून यजमानांबरोबर मिसळ खायला गेले. खाऊन झालं, आणि काय झालं कुणास ठाऊक, मी दोघांची ताटं उचलून आत मोरीकडे चालायला लागले. पोरगा धावत आला, पंधरा-सोळाचा असेल, खांद्यावर फडकं. ताट माझ्या हातातून ओढून घेतलं आणि हळूच म्हणाला, "काकू, ऱ्हाऊ द्या. मालक मला वरडतील." गल्ल्यावरचा मालक बघतच होता. मी ताट सोडलं. यजमान बाहेर येऊन म्हणाले, "तीन आठवड्यांत एवढी बिघडलीस?"

---

भडंग, ५ मार्च, रात्री ९:२२

कुठली मिसळ ते सांगा आधी.

---

गवती चहा (धागाकर्ती), ५ मार्च, रात्री ९:३०

नाव नाही सांगणार. दोन दिवस धागा शांत चाललाय.

---

ताकभात, ५ मार्च, रात्री ९:३१

कट जाळ होता का पण?